उन्हात जाऊ नका म्हणे!

ल्युपसच्या रुग्णाला डॉक्टर जो पहिला सल्ला देतात तो फुकट असतो, आणि आमच्या लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यात तोच सगळ्यात महाग पडतो. उन्हात जाऊ नका. बरं. मग सोयाबीन कुणी खुरपायचं? तूर कुणी कापायची, हरभरा कुणी उपटायचा? घरणी प्रकल्पाचं पाणी ज्याला मिळतं त्याच्या रानात आणि ज्याला मिळत नाही त्याच्याही रानात वाकलेली दिसते ती बाईच. आणि हा आजार नेमका तिचाच. दहा रुग्णांत नऊ बायका, त्याही साधारण १५ ते ४५ या वयातल्या. ज्या वयात बाईकडून रान, चूल, लेकरं आणि म्हातारी माणसं एवढं सगळं एकदम हवं असतं, त्याच वयात हा आजार तिला गाठतो. वर तिला सांगायचं, सावलीत बसा.

मला ल्युपस आहे. मी शाळेत शिकवते. महिन्याला पगार येतो, वर्गाला छत आहे, त्यामुळे सावली मला विकत घेता येते. तेव्हा ही माझी रडकथा नाही. माझं चाललंय. ज्यांचं चालत नाही त्यांच्यासाठी भांडायला तोंड लागतं, आणि ते मला आहे हे माझ्या सासरची माणसंसुद्धा मान्य करतील.

'उनाचं लै नाटक झालंय हिचं' असं म्हणणाऱ्यांसाठी आधी थोडं शास्त्र. ल्युपसमध्ये कुंपणच शेत खातं. जंतूंशी लढायला असलेली प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि तिचा खास राग असतो पेशीच्या केंद्रकावर, त्यातल्या डीएनएवर. एरवी हे केंद्रक पेशीत झाकलेलं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी कातडीच्या पेशी मरतात आणि आतला ऐवज बाहेर पडतो. निरोगी शरीर तो मुकाट्याने साफ करतं. ल्युपसच्या शरीरात त्यावर तुटून पडायला फौज तयारच असते, आणि ही चकमक चेहऱ्यावर थांबेलच असं नाही. पुढच्या काही दिवसांत ताप येतो, सांधे धरतात, कधी थेट मूत्रपिंडावर येतं. दिवसभर रानात राबलेली बाई आठवडाभराने अंथरुणाला खिळली, तर त्याला नाटक म्हणणाऱ्याने आधी स्वतःचं शास्त्र तपासावं.

गंमत अशी की आमच्या बायकांनी यावरचा अर्धा उपाय कुणी न शिकवता शोधलाय. साडीवर नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि कानांना गुंडाळलेला रुमाल. खुरपायला निघालेल्या कुठल्याही टोळीत हा पोशाख बघा. जाड सुती शर्ट अतिनील किरणं चांगली अडवतो. उघडा राहतो तो चेहरा. त्यासाठी सनस्क्रीन, म्हणजे पन्नास ग्रॅमची ट्यूब, जी सांगितल्याप्रमाणे भरपूर आणि दर दोन-तीन तासांनी लावली तर महिनाभरही पुरत नाही. सरकार तिला सौंदर्यप्रसाधन समजतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेतं. ल्युपसच्या बाईला जे औषध, ते दिल्लीच्या लेखी नटणं-मुरडणं.

आता प्रकार. पुस्तकात चार सांगतात. औषधाने होणारा ल्युपस हा त्यातला सभ्य पाहुणा. क्षयाचं आयसोनियाझिड, रक्तदाबाचं हायड्रालाझिन अशा औषधांनी तो कधीकधी उद्भवतो आणि औषध थांबलं की बहुतेक वेळा निघून जातो. (थांबवायचं ते डॉक्टरने. क्षयाच्या गोळ्या मनाने सोडणाऱ्यांना हे वाक्य निमित्त म्हणून नको.) दुसरा नवजात बाळाचा. आईच्या रक्तातली अँटी-रो नावाची प्रतिपिंडं वारेतून बाळात जातात. पुरळ उठलं तर काही महिन्यांत जातं, पण क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके कायमचे मंदावतात. आई मात्र स्वतः ठणठणीत असू शकते, म्हणून तिची तपासणी कुणाच्या डोक्यातच येत नाही.

तिसरा फक्त कातडीचा. त्यातला सगळ्यात ओळखीचा चकत्यांचा: चेहऱ्यावर, टाळूवर, कानाच्या वाटीत गोल खवल्यांचे डाग, कडा काळसर आणि मध्य पांढुरका. टाळूवर झाला तर तिथले केस परत येत नाहीत, व्रण राहतो. आमच्याकडे याला नायटा म्हणून नायट्याचं मलम चोळतात, पांढरं दिसलं की कोड म्हणून पोरीचं लग्न मोडतात, आणि डागावर संवेदना आहे की नाही हे न पाहताच कुष्ठ म्हणून ताट-वाटी वेगळी करतात. ल्युपस स्पर्शाने लागत नाही. ताटातून नाही, पाण्यातून नाही, अंथरुणातून नाही. हे जितक्या वेळा सांगावं तितकं कमीच.

चौथा सर्वांगीण. एसएलई म्हणतात तो हाच, आणि माझं खरं भांडण याच्याभोवती आहे. तो ओळखायला फार अवघड आहे, हजार चेहऱ्यांचा आहे, भल्याभल्यांना चकवतो, हे मी सेमिनारमधून आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकून कंटाळले आहे. चकवतो हे खरं. पण आमच्याकडे तो हुशारीने चकवत नाही. बाईचं सगळं म्हणणं एका बैठकीत ऐकून घेणारा माणूस तिला भेटत नाही, म्हणून तो सुटतो.

बघा कसं होतं ते. गालावर चट्टे आले की ती ब्युटी पार्लरवालीकडे नाहीतर मेडिकलवर. तिथे निदान ठरलेलं: वांग. वांगाचा डाग तपकिरी असतो, आग करत नाही. ल्युपसचे चट्टे दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर उठतात, उन्हात चरचरतात, आणि नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी तेवढी कोरी ठेवतात. ही घडी आरशात कुणालाही दिसते. पण पुस्तकातली चित्रं गोऱ्या कातडीची, लालभडक. आमच्या सावळ्या गालावर चट्टा लाल नसतो, तांबूस-काळपट असतो, म्हणून शिकलेल्या डॉक्टरचंही लक्ष जात नाही. मग हातात पडते गोरं करणारी ट्यूब, जिच्यात स्टेरॉइड असतं. चट्टे दोन आठवडे फिके पडतात, बाई खूश, दुकानदार खूश, आणि आजार आत मोकळा. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइडं मलमातसुद्धा चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. चिठ्ठी मागणारा मेडिकलवाला कुणाला भेटला असेल तर त्याचा सत्कार करायला मी येते, हार माझ्या पैशाचा.

सांधे दुखले की हाडाचा डॉक्टर. तो एक्स-रे काढतो. ल्युपसमध्ये सांधे सुजतात, सकाळी आखडतात, पण हाडाची झीज सहसा होत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो आणि बाई खोटी ठरते. केस गळले की तेल. तोंड आलं की 'उष्णता'. तोंडाच्या आत टाळ्याला आलेला, न दुखणारा व्रण बघायला बॅटरी लावावी लागते. ती लावतं कोण? ताप आला की विडाल, टायफॉइड, सलाईन. दम लागला, थकवा आला की 'रक्त कमी आहे' आणि लोहाच्या गोळ्या. हे तर आमच्या बायकांचं राष्ट्रीय निदान. ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्या तांबड्या पेशी फोडतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होतात, हे साध्या रक्तगणतीच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद पिशवीत घडी घालून ठेवलेला असतो आणि प्रत्येक नव्या दवाखान्यात नवा काढला जातो.

दिवस जाऊन पडले, एकदा, दोनदा, तीनदा, की मग दवाखानाही नाही. मग पांढऱ्या पायाची. ल्युपसच्या बऱ्याच जणींच्या रक्तात फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडं असतात. त्यांनी रक्ताच्या गुठळ्या होतात, वारेत रक्त पोचत नाही, गर्भ राहत नाही. कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिनची इंजेक्शनं यांनी अशा कितीतरी जणींची बाळंतपणं सुखरूप होतात. ज्या सासूने सुनेला तीन गर्भपातांनंतर माहेरी धाडलं, तिने एक रक्ततपासणी करून घेतली असती तर सूनही राहिली असती आणि नातूही.

आणि झटके आले, ती असंबद्ध बोलायला लागली, माणसं ओळखेनाशी झाली, की आमच्या उदगीर, देगलूर, बिदरच्या पट्ट्यात नाव तयार आहे: भानामती. अंगात आलेल्या प्रत्येक बाईला ल्युपस असतो असा माझा दावा नाही. बहुतेक जणींच्या मागे घरातला जाच असतो, हे या भागात काम केलेल्या अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी पुरेसं सांगितलंय. पण ल्युपस मेंदूवर जातो. झटके, भ्रम, पक्षाघात, सगळं करतो. महिनोन्‌महिने ताप, सांधेदुखी, केसगळती असलेली विशीतली पोरगी अचानक बडबडायला लागली, तर तिला लिंबू-मिरची नको, तिला त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेणारी गाडी पाहिजे. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा जीव गेला. आणि आमच्याकडे अजून दर अमावास्येला गाड्या देवऋषाकडेच जातात.

याला म्हणतात रोग हाल्याला अन् औषध पखालीला. गाल, गुडघा, गर्भाशय, डोकं, सगळे एकाच बाईचे आहेत, पण त्यांची दारं वेगळी आणि प्रत्येक दारात फी वेगळी.

आता माझा सगळ्यात मोठा राग. ल्युपसमध्ये बाई मरते ती बहुधा मूत्रपिंडाने किंवा जंतुसंसर्गाने. दहातल्या चार-पाच जणींच्या मूत्रपिंडांवर आजार कधी ना कधी जातो, आणि सुरुवातीला तिथे काहीही दुखत नाही. लघवीला फेस येतो, पाय आणि डोळ्यांखालचं सुजतं, रक्तदाब चढतो. वेळीच पकडलं तर औषधांनी मूत्रपिंड वाचतं. उशीर झाला तर डायलिसिस. आणि पकडायला लागतं काय? लघवीत बुडवायची कागदी पट्टी. मिनिटभरात रंग बदलते, हिरवट झाली की प्रथिन जातंय. ही पट्टी आमच्या उपकेंद्रांत असते बरं का. आरोग्यसेविकेला ती वापरताही येते. पण ती बाहेर निघते बाई गरोदर असेल तरच. पोटात मूल असेल तर तिची लघवी सरकारच्या हिशेबात, नसेल तर ती जाणे आणि तिचं मूत्रपिंड जाणे. बाईच्या शरीराकडे बघायची ही जी सरकारी नजर आहे, तिच्यावर वेगळा अग्रलेख लिहायची गरज नाही. त्या पट्टीच्या बाटलीवर सगळं लिहिलेलं आहे.

दुसऱ्या टोकाला शहरातल्या लॅबा. तिथे उलटा धंदा. अंग दुखतंय म्हणून गेलेल्या बाईला 'वाताचं पूर्ण पॅकेज', त्यात एएनए, म्हणजे पेशीच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी. ती ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णात पॉझिटिव्ह येते, हे खरं. पण १:८० या पातळीला ती धडधाकट माणसांतही शंभरातल्या तेरा जणांत पॉझिटिव्ह सापडली आहे. म्हणजे ल्युपस नाही हे सांगायला एएनए उत्तम, आहे हे सांगायला एकटी कुचकामी. डीएनएविरोधी आणि स्मिथविरोधी प्रतिपिंडं, रक्तातली सी-३ आणि सी-४ ही प्रथिनं, लघवीतलं प्रथिन, आणि गरज पडली तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासणी, असं सगळं जुळवून, बाईला समोर बसवून निदान करायचं असतं. नुसता कागद बघून नाही. एका तालुक्यात ज्यांना ल्युपस आहे त्यांना तो कळत नाही, आणि शेजारच्या शहरात ज्यांना नाही त्या पॉझिटिव्ह कागद छातीशी धरून रात्रभर गुगल करतात.

किती रुग्ण आहेत, असं विचाराल. भारतात १९९३ साली डॉ. मालवीय यांच्या गटाने दिल्लीजवळच्या खेड्यांतून लाखात ३.२ असा आकडा दिला. ब्रिटनमध्ये अलीकडे तो लाखात सत्त्याण्णवच्या घरात आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लातूर जिल्हा साडेचोवीस लाखांचा. पहिल्या हिशेबाने जिल्ह्यात ऐंशीच्या आत रुग्ण, दुसऱ्याने दोन हजारांवर. मधल्या या दरीत कोण कोण पडलं असेल ते मोजायला आपल्याकडे कुणी फिरलेलं नाही. फिरता येतं, हे मात्र महाराष्ट्रातच सिद्ध झालंय. १९९६ मध्ये पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी भिगवणमध्ये घरोघर जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्याची पाहणी केली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना काही ना काही त्रास निघाला. खेड्यातला माणूस दुखणं अंगावर काढतो हे तेव्हा कागदावर आलं. त्याला तीस वर्षं होतील. मराठवाड्यात भूकंपाची पाहणी झाली, दुष्काळाच्या तर कितीतरी झाल्या, पाण्याची रेल्वेही येऊन गेली. बाईच्या सांध्यांची पाहणी करायला मात्र कुणाला सवड सापडली नाही.

उपचाराचं म्हणाल तर कणा एकच, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. हिवतापाच्या गोळीची ही बहीण. ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाने ती रोज घ्यायची, वर्षानुवर्षं, गरोदरपणातसुद्धा. वजनाच्या दर किलोला दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी. आमच्याकडे ती 'गरम पडते' म्हणून उन्हाळ्यात बंद करतात, म्हणजे नेमकी ज्या महिन्यांत ऊन सगळ्यात जास्त त्या महिन्यांत. बरं वाटलं की बंद. दिवस गेले की बंद. आणि मग आजार उसळला की दोष गोळीला.

स्टेरॉइड हे आग विझवायचं औषध. जीव वाचवतं, पण महिनोन्‌महिने मोठ्या डोसने चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, म्हणून हळूहळू ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याखाली आणायचं. एका दिवसात बंद करायचं नाही, जिवावर बेततं. हेच स्टेरॉइड आठवडी बाजारात वाताची पुडी म्हणून कुटून मिळतं, आणि ती पुडी घेणारी बाई 'आयुर्वेदिक आहे, साईड इफेक्ट नाही' असं मलाच ऐकवते. पुढे मूत्रपिंडासाठी मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फमाइड, इतरांना अ‍ॅझाथायोप्रिन किंवा मेथोट्रेक्सेट. मूल हवं असेल तर यातली काही आधी बदलावी लागतात, अ‍ॅझाथायोप्रिन चालतं, आणि आजार निदान सहा महिने शांत असावा लागतो. 'लग्न करा, लेकरू झालं की बरं होतंय' हा सल्ला देणाऱ्या आत्याबाईंनी एवढं पाठ करावं. बेलिमुमॅब, अ‍ॅनिफ्रोलुमॅब अशी नवी इंजेक्शनं जगात आली आहेत. त्यांच्या किमती लिहून उगाच कुणाचा रक्तदाब वाढवत नाही.

या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचं २०२० साली काय झालं ते मी विसरणार नाही. मार्चमध्ये ट्रम्पसाहेबांनी ती करोनावरचा चमत्कार म्हणून जाहीर केली. आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रतिबंधक म्हणून सुचवली. एका आठवड्यात ज्याला त्याला ती हवी झाली, घरोघर डबे भरले गेले. सरकारने निर्यात थांबवली, मग अमेरिकेच्या आग्रहावरून सैल केली, आणि टीव्हीवर आपण जगाला औषध देतो म्हणून ढोल वाजले. इकडे ज्यांचं रोजचं आयुष्य त्या गोळीवर उभं, त्या बायका टाळेबंदीत पास काढून या दुकानातून त्या दुकानात. त्यातच ती शेड्यूल एच-१ मध्ये गेली, म्हणजे चिठ्ठी हवी. चिठ्ठी देणारे दवाखाने बंद. जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने सांगितलं की इस्पितळातल्या करोना रुग्णांना तिचा काही उपयोग नाही. ज्यांनी डबे भरले होते त्यांनी ते फेकले असतील. आमच्याकडे परत आणून कुणी दिले नाहीत.

योजनांचं ऐका. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं नांदेड होतं. आता ती महात्मा फुले यांच्या नावाने आहे आणि मर्यादा पाच लाखांची. छान. पण ती मुळात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बांधलेली. ल्युपस म्हणजे दर महिन्याच्या गोळ्या, दर तीन महिन्यांच्या तपासण्या आणि जन्मभराची एसटी. म्हणजे बाईचं मूत्रपिंड निकामी होऊन ती खाटेवर येईपर्यंत सरकार वाट बघणार आणि मग डायलिसिसला हसतमुखाने पैसे देणार. २०१६ च्या अपंगांच्या कायद्यात २१ प्रकार मोजले, त्यात ल्युपस नाही. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मधुमेह आहे, रक्तदाब आहे, कर्करोग आहे. आम्ही कुठेच नाही. मात्र १० मे हा जागतिक ल्युपस दिन असतो. भर मे महिन्यात, बेचाळीस अंशांत, उन्हाने आजारी पडणाऱ्यांचा दिवस. जांभळी फीत लावून फोटो काढायला माझी हरकत नाही, फक्त मंडप घाला.

मला काय हवंय ते अगदी थोडं आहे. गरोदर असो-नसो, सहा आठवड्यांपेक्षा जास्त ताप, सांधेदुखी किंवा गालावर चट्टे घेऊन आलेल्या प्रत्येक बाईची लघवी पट्टीने तपासा आणि रक्तगणती करा. ग्रामीण रुग्णालयात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन महिन्याचं महिन्याला मिळू द्या. पहिलं तर राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतच आहे. लातूरच्या किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आठवड्यातला एक वार संधिवात आणि ल्युपससाठी ठरवा, तज्ज्ञ जागेवर नसेल तर पडद्यावर बसवा. ई-संजीवनी या सरकारी दूर-सल्ला सेवेची जाहिरात आम्ही पाहिली आहे, आता वापर बघू द्या. म्हणजे निदान दर वेळी पुण्याची नाहीतर हैदराबादची गाडी धरावी लागणार नाही. आणि शाळांनी आठवी-नववीच्या पोरींना ती नाकाजवळची कोरी घडी दाखवावी. मी माझ्या वर्गात दाखवते. स्वतःचाच चेहरा आहे, तक्ता लागत नाही.

पैसे कुठून आणायचे, असं कुणी म्हणणारच. त्यांनी मेडिकलमध्ये जाऊन शंभर पट्ट्यांच्या बाटलीचा भाव विचारावा आणि आपल्या गावाच्या वेशीवर नुकत्याच उभ्या राहिलेल्या स्वागत कमानीच्या बिलाला त्याने भागून पाहावं. गणित येत नसेल तर माझ्याकडे या. संध्याकाळी पाचनंतर, ऊन उतरल्यावर.